शब्दांकन नको

तावडेमावशींनी मला पहिल्यांदा गाठलं, त्या दिवशी माझ्या एका नजरेपायी त्यांच्या पुस्तकातल्या अकरा ओळी गेल्या.

बोरिवलीतल्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी कार्यशाळा होती. ‘आपलं पुस्तक आपणच काढा.’ माझी कादंबरी तीन प्रकाशकांकडून साभार परत आली होती. त्यातल्या एकाने तर पाकीट न उघडताच परत पाठवलं होतं, माझा चिकटपट्टीचा तुकडासुद्धा जसाच्या तसा. तेव्हा म्हटलं, जळ्ळं ते प्रकाशकांचं तोंड, आपणच काढू. चहाच्या सुट्टीत मी पंख्याखालची खुर्ची पकडून बसले होते, तर शेजारी एक साठी ओलांडलेल्या बाई येऊन बसल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी शाळेतली वही काढली, ‘वाचतंय, आयक’ म्हणाल्या आणि मी हो-नाही म्हणायच्या आत वाचायला सुरुवात केली.

बरं वाचत होत्या. पण तेवढ्यात माझ्या बहिणीचा मेसेज आला आणि मी मोबाइलकडे पाहिलं. एकदाच. बाई थांबल्या. पिशवीतून लाल पेन्सिल काढली आणि वाचत होत्या त्या अकरा ओळींवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ मारली.

“अहो, काय करताय?”

“तू मोबाईल बघलंस.”

“एकदाच बघितला हो!”

“एकदाच पुरे. माणूस मोबाईल बघता म्हणजे थय काय दम नाय. तुझी चूक नाय गो, माझी हा.” आणि पुढच्या परिच्छेदापासून वाचन पुन्हा चालू.

ही त्यांची कायमची रीत होती. ऐकणाऱ्याला जांभई आली, की दोन ओळी बाद. मोबाइल पाहिला, की परिच्छेद बाद. ‘छान आहे हं’ असं कोणी तोंडदेखलं म्हणालं, तर अख्खं पान बाद. मी पुढे साहित्याच्या चर्चासत्रांना पुष्कळ बसले, पण इतकी कडक संपादक मला दुसरी भेटली नाही.

त्या कार्यशाळेत टाय लावलेला एक तरुण गोल्ड पॅकेज, सिल्व्हर पॅकेज समजावून सांगत होता. शेवटी ‘काही शंका?’ म्हणाला, तर मावशींचा हात पहिला वर. “पुस्तकावर नाव कोणाचं?”

“अर्थात लेखकाचं, मॅडम.”

“आणि आत?”

“आतही लेखकाचंच.”

“मधे कोणी घुसत नाय ना?”

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. त्या प्रश्नामागे काय होतं, ते मला तेव्हा कुठे माहीत होतं!

प्रभावती विठ्ठल तावडे हे त्यांचं पूर्ण नाव. एका सरकारी प्रसूतिगृहात एकतीस वर्षं त्या आया होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या, लग्न होऊन मुंबईत आल्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली तसा तो घरी बसला आणि मग लवकरच गेला. पदरी एक मुलगी, सुजाता, जिला त्यांनी आयाच्या पगारात शिकवलं आणि जी आता मालाडला एका लॅबमध्ये रक्त तपासते. मावशी आठवी शिकलेल्या. दवाखान्यात आयांना मावशीच म्हणतात. डॉक्टर मावशी म्हणत, सिस्टर मावशी म्हणत, बाळंतिणी कळा देता देता ‘मावशीऽऽ’ म्हणून किंचाळत, आणि पगाराच्या दिवशी क्लार्कसुद्धा ‘मावशी, इथे सही’ म्हणे. “एकतीस वर्सात माझा नाव कोणी इचारूक नाय,” त्या म्हणायच्या. “सही केल्यार तरी वाचशात की नाय? ता पण नाय.” मीसुद्धा त्यांना मावशीच म्हणत राहिले, हे लिहिताना आता मला लाज वाटते. पण तोंडात बसलं ते बसलं.

प्रसूतीच्या खोलीबाहेर त्यांचं एक स्टूल असे. त्या स्टुलावर बसून, दोन बाळंतपणांच्या मधल्या वेळात, त्यांनी आठ वह्या लिहिल्या. मागे पाढे छापलेल्या असतात तसल्या वह्या. पुस्तकाचं नाव ‘बाहेर थांबा’, कारण नवरे, सासवा, दीर, सगळ्यांना उद्देशून आयुष्यभर त्या हेच दोन शब्द बोलत आल्या होत्या. आत काय होतं? बायका होत्या. कळांच्या भरात नवऱ्याला मनसोक्त शिव्या घालणाऱ्या आणि सकाळी त्याच्याच हातचा चहा पिताना लाजणाऱ्या. पाचव्या खेपेला आलेली आणि ‘इथे निदान झोपायला तरी मिळतं’ म्हणणारी. पेढ्यांवर एक सबंध प्रकरण होतं. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, असा आपल्याकडचा रिवाज. मुलीचा बाप बर्फीचा पुडा घेऊन आला की मावशी त्याला दारातूनच परत पाठवत. “मी सांगितलं, पेढे आण. तो म्हणाला, मुलगी झाली मावशी. मी म्हटलं, मला माहीत आहे, मीच धुतली. पेढे आण.” हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं देते आहे. याच्यात एक शब्द इकडचा तिकडे करून दाखवा.

पण मी केला ना! तेच तर सांगायचं आहे.

मी पार्ल्याच्या एका कॉलेजात ऑफिसात काम करते, टायपिंग झपाझप येतं. मावशींच्या वह्या टाइप करून द्यायचं मी आपणहून कबूल केलं. त्यात माझाही मतलब होता. पुस्तक काढण्यातल्या खाचाखोचा आधी त्यांच्या पुस्तकावर शिकून घ्याव्यात आणि मग आपलं काढावं, असा माझा हिशेब. टाइप करताना हात शिवशिवायला लागले. वाटलं, बाईंकडे अनुभव भरपूर आहे, भाषा जरा नीटनेटकी केली तर काय हरकत आहे? त्यांनी लिहिलं होतं, ‘बाई ओरडत होती. मी म्हटलं ओरड, लाजू नको, इथे कोण तुझं लग्न जुळवायला बसलंय!’ मी केलं, ‘प्रसववेदना असह्य होऊन त्या स्त्रीने आक्रोश आरंभला. मी तिला धीर दिला.’ अशी चाळीस पानं मी ‘सुधारली’ आणि प्रिंट काढून मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिली. कॉलेजात शिकल्याचा माज, दुसरं काय!

मावशी वाचन करायच्या ते मुख्यतः बसमध्ये. त्यांची बहीण मरोळला राहायची, तिच्याकडे जायला त्या गोरेगावहून आरे कॉलनीतून जाणारी बस घेत. तबेले, झाडी, वळणावळणाचा रस्ता, बस आपली रमतगमत जाणार. माणसं खिडकीत बसून कंटाळलेली. मावशींना याहून चांगले श्रोते कुठे मिळणार? त्या दिवशी मीही बरोबर होते, माझं सुधारलेलं लिखाण लोकांना कसं भावतं ते बघायला. पुढच्या सीटवर मच्छी विकून घरी निघालेली एक कोळीण रिकामी पाटी पायाशी ठेवून बसली होती, मागे भाजीवाल्या दोघी, पलीकडे शाळेतल्या एक बाई. यातल्या निम्म्या जणी मावशींना ओळखत होत्या, आधीची प्रकरणं त्यांनी ऐकलेली होती.

मावशींनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला भाजीवाल्यांनी आपापसात बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला शाळेतल्या बाईंनी डोळे मिटले. मावशी लाल पेन्सिल काढून रेघा मारत सुटल्या. तिसऱ्या पानाला कोळणीने मागे वळून विचारलं, “मावशे, ह्ये कोनी लिवलाय गं?”

“मीच.”

“नाय गं. ह्ये पेपरातला वाटतंय. तुजा नाय.”

मावशींनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला. पिशवीतून मूळ वही काढली. एकदा वहीत बघितलं, एकदा कागदात बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. बाप रे, ती नजर! ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. बस पिकनिक पॉइंटजवळ थांबली होती, त्या मला म्हणाल्या, “उतर.” मला वाटलं, दोघी उतरणार. मी उतरले आणि त्या उतरल्याच नाहीत. बस गेली. दुसरी बस येईपर्यंत एका तबेल्यासमोर पाऊण तास मी उभी, समोर म्हशी रवंथ करताहेत, आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देते आहे.

चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मी मालाडला त्यांच्या चाळीत गेले, दारात उभी राहिले आणि म्हटलं, “मावशी, चुकलं माझं.”

“काय चुकला?”

“तुमचं लिखाण मी बदललं.”

“बदललंस ता सोड. इचारूक नाय, ता चुकला. माका इचारलंस आसतंस तर मी नको म्हटलंय आसतंय. म्हणानच इचारूक नाय तू.”

अगदी खरं होतं.  त्यांनी आठही वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “आता बस आणि वहीत हा तसा टाइप कर. काना-मात्रा चुकलो आसलो तर सांग, दुरुस्त करूया. बाकी हात लावशीत तर हात मोडून ठेवीन.” दोन महिने रोज ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याकडे जायचे. त्या शेजारी बसून तांदूळ निवडायच्या, मी टाइप करायचे. लिहिणं म्हणजे काय, ते मी त्या दोन महिन्यांत शिकले. माझ्या कादंबरीतली निम्मी वाक्यं आक्रोश आरंभणारी होती, हेही कळलं.

मजकूर तयार झाल्यावर मी एक आगाऊपणा आणखी केला. आमच्या कॉलेजाजवळ एका प्रकाशकांचं ऑफिस आहे. नाव सांगत नाही, त्यांना उगाच फुकटची प्रसिद्धी कशाला! त्यांना मी पेढ्यांचं प्रकरण वाचायला दिलं. या वेळी विचारून, बरं का. आठवड्यात फोन आला. साहेब भलतेच खूश. पुस्तक ते काढणार, खर्च त्यांचा, चांगला कागद, मोठा समारंभ. “फक्त एक आहे. मावशींचा फोटो मुखपृष्ठावर घेऊ, पण आत ‘शब्दांकन’ म्हणून तुमचं नाव टाकू. लोकांना पटायला नको का? आठवी शिकलेली आया असं लिहील यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही लेखिका आहात, तुमच्या नावाने पुस्तकाला वजन येईल. आणि हो, तुमच्या कादंबरीचंही बघू आपण.”

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं कोणी मला लेखिका म्हटलं नव्हतं. स्टेशनला चालत जाताना सगळ्या रस्ताभर मी मनातल्या मनात ते पान बघत होते. शब्दांकन, आणि खाली माझं नाव. स्वतःची समजूतही घातली. वह्यांना कोणी विचारत नव्हतं, आता निदान पुस्तक तरी होईल. मावशींचं भलंच होईल.

मावशी भाकऱ्या थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं. “शबदांकन म्हणजे काय गो?”

“म्हणजे एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहून काढायचं.”

“मी सांगितलंय आणि तू लिवलंस?”

“तसं नाही हो, पण…”

“मगे कसा?” तव्यावरची भाकरी उलटून त्या माझ्याकडे वळल्या. “माका सांग, बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टर उभो आसता, सिस्टर उभी आसता, मी उभी आसतंय. पण कळा कोण सोसता? बाई. मग पोराच्या दाखल्यार आयचा नाव काढून डॉक्टरचा नाव घालतत? काय म्हणान, तर डॉक्टरच्या नावान पोराक वजन येता!”

 त्या आता पेटल्या होत्या. मालवणी सोडून सरळ मुंबईच्या मराठीत आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर. “आधी तीन ठिकाणी गेले मी वह्या घेऊन. तिघांनी एकच विचारलं, मावशी, कोण लिहून देतं तुम्हाला? एकाने तर माझ्यासमोर कागद सरकवला, लिहून दाखवा म्हणाला. मी लिहून दाखवलं. काय माहिती आहे? ‘तुमच्या डोक्यात गू भरलाय.’ सुवाच्य अक्षरात लिहिलं. आता तू पण तेच घेऊन आलीस? एकतीस वर्षं मी मावशी होते, वृंदा. या एका पुस्तकावर तरी मला प्रभावती असू दे. नाव माझं एकटीचं. नायतर वह्या चुलीत घालीन, पण दुसऱ्याच्या नावाखाली देणार नाय.”

त्या दिवशी भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन मी घरी आले आणि प्रकाशकांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. जीव तुटला, हेही सांगते. माझ्या कादंबरीचं दारही त्याच फोनबरोबर बंद झालं होतं.

मग आम्ही दोघींनी पुस्तक काढायला घेतलं. अंधेरीला महेश म्हणून एक डीटीपीवाला आहे, गल्लीच्या टोकाला, झेरॉक्सच्या दुकानात पोटमाळ्यावर. तिथे आमचा मुक्काम. मुखपृष्ठ म्हणून महेशने आधी एका गोऱ्या बाईच्या मांडीवर गोरं बाळ आणि मागे कमळं असं चित्र दाखवलं. मावशी म्हणाल्या, “ही बाई आमच्या वॉर्डात कवाच येवक नाय.” शेवटी नुसता बंद दरवाजा ठरला, सरकारी हिरव्या रंगाचा. बांधणीचा नमुना आला तेव्हा त्यांनी पुस्तक मधोमध उघडून असं काही मागे वाकवलं, की दोन पानं हातात आली. “बघ, टाके उसवले. ह्या घराक कसा जातला?” बाइंडरने निमूटपणे शिलाईची बांधणी करून दिली. आयएसबीएन म्हणजे काय, ते मी समजावायला गेले. प्रत्येक पुस्तकाला असा एक नंबर असतो, त्यावरून ते कोणाचं ते कळतं. त्या लगेच म्हणाल्या, “म्हणजे पोराच्या मनगटाक बांधतत तो बिल्लो. मगे तो आधी बांध. अदलाबदल होता.” अर्जात लेखकाचं नाव भरलं. प्रकाशकाच्या जागीही त्यांनी स्वतःचंच नाव भरायला लावलं. पुढे अनुवादक, संपादक, सहलेखक असल्या जागा होत्या. मी म्हटलं, या रिकाम्या सोडू. “रिकामी कित्याक सोडतस? उद्या कोण तरी येवन बसात. ‘कोणी नाही’ असा लिव.” आणि मी तसं लिहिलं, प्रत्येक जागी. कोणी नाही, कोणी नाही, कोणी नाही.

प्रस्तावनेसाठी एखाद्या नामवंताकडे जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. नव्या लेखकाला तशी पद्धत असते. मावशींनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मी विषयच सोडला. प्रस्तावनेच्या जागी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला घालतात तसं. ‘बा देवा म्हाराजा, आज तुझी लेक प्रभावती पयला पुस्तक काढता हा. तेका वाचणारो भेटू दे. वाचणाऱ्याक झोप येव नको. आणि जो कोण म्हणात ह्या तिना लिवक नाय, तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!’ खाली कंसात लिहिलं होतं, ‘इथे सर्वांनी होय म्हाराजा म्हणावे.’

प्रकाशन चाळीच्या गच्चीवर झालं. प्रमुख पाहुण्या इंदूबाई. मावशींच्या वॉर्डात झाडलोट करायच्या, आता सत्तरीच्या, अक्षरओळख नाही. त्यांनी पुस्तक वर धरलं ते उलटं. कोणीतरी हसलं तशा त्या ओरडल्या, “हसतोस काय मेल्या? पर्भे, तुझं नाव कुठल्या बाजूला हाय ते दाव मला.” मावशींनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. इंदूबाईंनी फोटो होईपर्यंत बोट तिथून काढलं नाही. मी रडले त्या वेळी. सगळ्यांदेखत, नाक शिंकरून.

‘सप्रेम भेट’ हा प्रकार मावशींना मान्यच नव्हता. मी म्हटलं, चार समीक्षकांना, दोन वाचनालयांना प्रती पाठवू. “कित्याक? फुकट दिलेल्या औषधाची बाटली पण कोण उघडत नाय.” त्या पुस्तकं घेऊन सरळ आरेच्या बसमध्ये चढत. दोन पानं वाचून दाखवायची, आवडलं तर घ्या, नाहीतर राहू दे. पहिली प्रत कंडक्टरने घेतली. त्याची बायको सातव्या महिन्यात होती. मच्छीवाल्या कोळणीने घेतली, तेव्हा म्हणाली, “आता कसा तुजा वाटतंय.” वर्षभरात सगळ्या प्रती संपल्या. कुठल्याही दुकानात न जाता, कुठलंही परीक्षण न येता. लोक मला विचारत, मार्केटिंग कसं केलं? मी सांगायचे, गोरेगाव ते मरोळ.

माझी कादंबरीही त्यांनी त्याच बसमध्ये वाचायला लावली. पहिल्या दिवशी सोळा पानांतली अकरा गेली. मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, “पाच जगली मा? मगे! सुरवातीक इतकाच जगता. परत लिव.” मी परत लिहिलं. अजून लिहिते आहे.

मागच्या दिवाळीनंतर मावशींना दम लागायला लागला. हृदय मोठं झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा वॉर्डातली कोवळी नर्स सुई घेऊन म्हणत होती, “मावशी, हात द्या.” नाकाला नळी, बोलायला श्वास पुरत नाही, तरी ही बाई नको म्हणून मान हलवते आहे. नर्सने पुन्हा म्हटलं, “मावशी…” तेव्हा नळी बाजूला करून म्हणाल्या, “प्रभावती म्हण. मगे देतंय हात.” पोरगी गोंधळली, हसली, आणि म्हणाली, “प्रभावतीताई, हात द्या.” तेव्हा कुठे दिला. तिसऱ्या दिवशी गेल्या. मला अजूनही त्यांचा नंबर मोबाइलमधून काढता आलेला नाही.

महिन्याभरात त्याच प्रकाशकांचा फोन आला. मी तेव्हा सुजाताकडेच होते, दुपारची, तिच्या आईच्या साड्या बायकांना वाटायला काढत होतो. साहेबांच्या हातात कुठून तरी आमची प्रत पडली होती. आवाज अगदी भिजलेला. “फार मोठं पुस्तक आहे हो हे. आम्हाला नवी आवृत्ती काढायची आहे, महाराष्ट्रभर पोचवू. मुलीला मानधन देऊ. आणि आता मावशी नाहीत, तेव्हा तो जुना मुद्दाही राहिला नाही. शब्दांकन म्हणून तुमचं नाव येईल. तुमची कादंबरी मी याच वर्षी काढतो, शब्द देतो.”

फोन स्पीकरवर होता. सुजाताने हातातली साडी खाली ठेवली. ती म्हणाली, “मॅडम, आईचं पुस्तक सगळीकडे जाईल. तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी, तुमचं नाव आलं तर माझी काही हरकत नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

म्हणजे नाही म्हणणारं आता कोणीच उरलं नव्हतं. एक हो म्हटलं की माझी कादंबरी दुकानात.  एवढ्या वर्षांची हौस ती, अशी हातातोंडाशी आली होती.

“साहेब,” मी म्हटलं, “मी टायपिस्ट आहे त्या पुस्तकाची. आणि तेसुद्धा पहिल्या वेळी वाट लावली होती मी.”

“अहो, पण मावशींना आता काय फरक पडणार आहे?”

“मला पडतो ना!” माझा आवाज चढला. “त्यांचं नाव प्रभावती विठ्ठल तावडे. पुस्तक काढायचं असेल तर त्या एकट्या नावाने काढा.”

“मॅडम, वाचक विचारतील, आठवी शिकलेल्या आयाने हे कसं लिहिलं?”

“विचारू देत की. दोनशे पानं उत्तर दिलंय तिने.”

 साहेब म्हणाले, “मग तुमच्या कादंबरीचं मला काही सांगता येणार नाही.”

“नका सांगू,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

 सुजाता माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम येऊन बिलगली, तिच्या आईच्या साड्यांच्या ढिगातच. मग डोळे पुसून म्हणाली, “आता काय करायचं?” मी महेशला फोन लावला. म्हटलं, ‘बाहेर थांबा’ पुन्हा छापायचं आहे, फाइल काढून ठेव.

“मजकुरात काही बदल, मॅडम?”

“एक अक्षरसुद्धा नाही.”

“आणि कव्हरला?”

“लेखिकेचं नाव मोठं कर.”

“अहो, ते आधीच पुस्तकाच्या नावाएवढं आहे!”

“मग पुस्तकाच्या नावापेक्षा मोठं कर.”